दहावीच्या मुलींचा ऑटो

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू संस्थेत आहेस, मग शिक्षकांच्या आंदोलनात तू कोणाच्या बाजूने होतीस?" फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. आधी भांडण काय होतं ते सांगते, मग मी काय केलं ते.

देवळीच्या पुढची आमची शाळा आठवी ते दहावीची. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून मी लग्नानंतर तिथे इंग्रजी शिकवायला लागले आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मग शाळा चालवणाऱ्या संस्थेने मला उपाध्यक्ष केलं आणि लग्नकार्याला भाड्याने देतात ते सभागृह माझ्या हाती सोपवलं. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. शिक्षक संघटनेचे पुढारी आमचे गणिताचे सर, माझेच जुने विद्यार्थी.

शिक्षकांचे पगार सरकार देतं. खडू, वीज, डागडुजी यांचं अनुदान वेगळं; ते थोडं येतं आणि उशिरा येतं. मुलींना आणणाऱ्या ऑटोसाठी तर कोणीच काही देत नाही. तुमच्याकडे पिवळी बस दारात येते. आमच्या नदीपलीकडच्या गावात एसटी येते ती शाळा भरून गेल्यावर. म्हणून कित्येक वर्षं शिक्षकच पगारातून वर्गणी काढून ऑटो लावत. त्यात चांगुलपणा होता आणि गरजही होती. पट घसरला की वर्ग बंद होतो आणि एक शिक्षक जास्तीचा ठरून दुसरीकडे पाठवला जातो.

गेल्या वर्षी जूनमध्ये संघटनेने ठरवलं की आता पुरे. सभागृहाचं भाडं येतं, त्यातून संस्थेने ऑटो लावावा. अध्यक्ष म्हणाले, ते भाडं शाळेच्या छतासाठी आहे, छत गळतं. दोघांचंही खरं होतं. शिक्षक काळ्या फिती लावून शिकवू लागले, संस्थेने लक्ष दिलं नाही, आणि शाळा उघडून आठवडे झाले तरी ऑटो काही निघाला नाही. नदीपलीकडच्या मुली घरीच.

संस्था आणि शिक्षकांच्या सभेत तीच भांडणं तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी म्हटलं, "उरलेली सभा त्या गावात घेऊ. ऑटोने जाऊ."

"वहिनी, ऑटोत? माझी गाडी आहे ना बाहेर!" अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या गाडीत तुमचीच माणसं बसतात. ऑटोत सगळे बसतील."

अध्यक्ष पुढे ऑटोवाल्याच्या शेजारी अर्धे आत, अर्धे बाहेर बसले. मागे मी, गणिताचे सर आणि आणखी दोन शिक्षक.

"भाऊ, पाय अंदर घ्या," ऑटोवाला म्हणाला. "पोरी अशाच बसतात, पण त्या बारीक असतात."

एका खड्ड्यात ऑटो असा उडाला की अध्यक्षांच्या खिशातली नाणी खणखणली. मागून सर लगेच म्हणाले, "चला! शाळेसाठी संस्थेचा खिसा हलला तर खरा."

"खिशाले भोक नाही पाडलं अजून तुमच्या संघटनेनं, हे नशीब," अध्यक्ष मागे न बघता म्हणाले. चिडले की ते शुद्ध बोलायचं विसरतात. ऑटोवाला मोठ्याने हसला आणि मीही हसले.

गावात पोचलो तर विहाराच्या ओट्यावर आमच्या आधीच दोन पाहुणे चहा पीत बसलेले. दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक, हातात प्रवेशाचे कागद. त्यांची व्हॅन येणार होती, फुकट. आजूबाजूला मुली, त्यांच्या आया, शेतातून परतलेले दोघे-तिघे बाप.

आमच्या दोन्ही बाजूंमध्ये एका क्षणात समेट झाला. अध्यक्ष सरांच्या कानाशी लागले, "आपण शाळा सोडल्याचे दाखलेच द्यायचे नाहीत." सरांनी मान डोलावली. महिनाभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"दाखला अडवायचा नाही," मी म्हटलं. "जो मागेल त्याला त्याच दिवशी द्यायचा."

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. तिच्या दोन नाती आमच्याकडे होत्या, धाकटी आठवीत, मोठी दहावीत. त्या पाहुण्यांकडे बोट दाखवून तिने मला विचारलं, "बाई, हे लोक लहानीले नेतो म्हणतात. मोठीले काऊन नाई नेत?"

पाहुणे चहाच्या कपात बघू लागले. मला मात्र उत्तर माहीत होतं. दहावीची मुलगी मार्चनंतर पटावर नसते. तिच्यामुळे पुढच्या वर्षी ना वर्ग टिकतो, ना कोणाची जागा. शिवाय नापास झाली तर शाळेचा निकाल बिघडतो. मी आमच्या माणसांकडे पाहिलं. भांडण ऑटोचं होतं, पण ऑटो हवा होता तो आठवी-नववीसाठी. या गावात दहावीच्या फक्त तीन मुली होत्या आणि कोणत्याच बाजूने त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

मोठी नात खांबाला टेकून उभी होती. मी विचारलं, "तुला यायचं आहे का?"

"यायचं तं आहे," ती म्हणाली. "पण आबा म्हणते, लहानी व्हॅननं गेली का तू वावरात निंदणाले चाल."

मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या सकाळी ऑटो येईल. बाकी सगळ्या मुली व्हॅनने गेल्या तरी दहावीच्या मुलींसाठी परीक्षेपर्यंत येत राहील. पैसे सभागृहाच्या भाड्यातून."

"वहिनी! तीन पोरींसाठी?" अध्यक्ष म्हणाले. "अन् छत?"

"छताखाली बसायला कोणी हवं ना? सभागृह माझ्याकडे आहे, निर्णय माझा. चुकला तर पुढच्या सभेत मला काढा."

मग मी सरांकडे वळले. "आणि तुम्ही. ऑटो तीन मुलींचा असला तरी गणिताचा तास तेवढाच जीव तोडून घ्यायचा."

"घेईन, बाई," ते म्हणाले. मान खाली होती, पण आवाज स्पष्ट होता.

म्हातारीने धाकटीला जवळ ओढलं आणि पाहुण्यांना सांगून टाकलं, "आमच्या दोघी एकाच गाडीनं जातीन. तुमची व्हॅन तुमच्यापाशी ठेवा."

सगळ्यांनी तसं केलं नाही. दोन घरांनी व्हॅन निवडली. त्यांचे दाखले दुसऱ्याच दिवशी दिले. शिक्के पडताना अध्यक्ष माझ्याकडे बघतही नव्हते. छत त्या पावसात गळलंच. भाडं आणि अनुदान यांवरची शिक्षकांची आणि संस्थेची भांडणं आजही सुरू आहेत. ती व्हावीत असंच मला वाटतं. दोघांपैकी एक जरी गप्प बसला, तर शाळेचं काही खरं नाही.

मोठी नात दहावी पास झाली, गणितात काठावर. आता ती अकरावीला वर्ध्याला जाते. निकालानंतर सर पेढे घेऊन घरी आले. खूश होते आणि लगेच कुरकुरलेही, "बाई, त्या गावातल्या तीन मुली पटावरून कमी झाल्या."

"व्हायलाच हव्या होत्या," मी म्हटलं. "चला, यंदा सातवी पास झालेलं कोण आहे ते बघून येऊ. अध्यक्षांनाही निरोप द्या. पाय अंदर घेऊन बसायचं, म्हणावं."