कपड्यांच्या ढिगामागे

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच, आणि तीही लग्न होऊन मुलगी झाल्यावर. शिवाय यात मला माझीच लाज वाटावी असा एक भाग आहे.

नवरा मुंबईला, सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. रत्नागिरीतल्या दोन खोल्यांत मी आणि चार वर्षांची मुलगी. न वाळलेले कपडे दोरीवरून खुर्चीवर यायचे, खुर्चीवरून देवघरासमोरच्या टेबलावर. कोपऱ्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या, त्यांत तिची भातुकली. मी एक उचलावं तोवर ती दुसरं ओतायची. इतकी वैतागले होते, की चार दिवस देवापुढे दिवा लावला नव्हता. ढीग हलवल्याशिवाय हातच पोचत नव्हता. मनात म्हणायचे, देवाला दिसतंय ना सगळं, मग त्यानेच आवरावं.

शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर होता. आदल्या वर्षी मुलीच्या तापात परीक्षा हुकली होती. यंदा हुकली तर कॉलेज सोडेन, असं मीच घरी कबूल केलं होतं. निघताना पिशवी उघडली, तर कॉलेजच्या शिक्क्याचं हॉल तिकीट नाही. गाद्या उलटल्या, पेट्या उपड्या केल्या. मुलीला ओरडून विचारलं, ती भिंतीला चिकटली. मग मी तिला फटका दिला. तो आवाज अजून ऐकू येतो.

तेवढ्यात दारात मासेवालीची हाक आली. आमची नेहमीची नव्हे, कुणी दुसरीच. मी आतूनच नको म्हटलं. पण रडणं ऐकून तिने पाटी पायरीवर ठेवली आणि ती उंबऱ्याशी बसली.

"अगो बाय, वरडून पोर बोलंल काय? तू आधी पाणी पी."

राग आला, तरी प्याले. तिने मुलीला जवळ घेतलं, पाटीतला बांगडा दाखवून त्याचे डोळे मोजायला लावले. मुलगी हसली. मग तिने सहज विचारलं, "आयशीचा कागद कुठं ठेवलास गो?"

"बाप्पाकडे."

मी दोन्ही हातांनी ढीग खाली ढकलला. हॉल तिकीट गणपतीच्या पायाशी होतं. आमच्याकडे लग्नपत्रिका असो की नोकरीचं पत्र, महत्त्वाचा कागद आधी देवापुढे ठेवतात. मी विसरले होते. मुलगी पेटीवर चढून, ढिगाच्या मागून हात घालून ठेवून आली होती.

शेजारच्या काकी मुलीला सांभाळायला येईपर्यंत त्या मासेवाल्या मावशी थांबल्या. मला एसटी मिळाली, पेपरही मिळाला. पुढे बंदरावर त्या दिसल्या, तर त्यांना काही आठवेना. "असंल बाय, किती दारं फिरतो आमी," म्हणाल्या. त्यांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही. मी हात जोडले, एवढंच.

फटक्याची माफी मी देवाकडे मागत राहिले. मग सुचलं, ती मुलीकडे मागायला हवी. मागितली. ती म्हणाली, "बांगड्याला दोन डोळे असतात."

घर आजही आवरलेलं नसतं. आवरून झाल्यावर दिवा लावू, असं मात्र आता म्हणत नाही. पसाऱ्यातच लावते. वात मुलीने पुढे करायची असते.