श्वासापुरती जागा

जेवणानंतर पंधरा मिनिटं पडावं म्हणून कुमुद दिवाणावर आडवी होते. संध्याकाळी मिरजेला गाणं आहे. साखर वाढली म्हणून वर्षभरात तिने एकवीस किलो वजन उतरवलं. साड्या काय छान बसतात, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. आवाज मात्र वजनाबरोबर गेला. एका दमात जाणारी तान आता मध्येच तुटते. तिने माइकवाल्याला बोल लावला, थंडीला लावला. नाचता येईना अंगण वाकडं. मागे बसून साथ करणाऱ्या शिष्येला, मृण्मयीला, तर तिने सकाळीच बजावलंय की आज नुसता तंबोरा छेडायचा, तोंड उघडायचं नाही.

डोळा लागतो न लागतो तोच ती दवाखान्यात आहे. वजनकाट्यावर माई उभ्या आहेत. माई म्हणजे सगुणाबाई, तिच्या गुरू. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. शेवटच्या आजारात झाल्या होत्या तशाच आहेत, हाडं आणि कातडी.

"एवढीच उरलेय बघ," माई म्हणतात. "तुझं किती?"

कुमुदला आकडा सांगवत नाही. काट्याखाली जाजम आहे, समोर माणसं बसली आहेत आणि तंबोरा तिच्याच मांडीवर आहे. ही माईंची शेवटची बैठक. गुरूने खूण केल्याशिवाय मागच्याने सूर धरायचा नाही, हा रिवाज. त्या दिवशी वरच्या षड्जापाशी माई थबकल्या आणि कुमुदने खुणेची वाट न बघता आपला भरदार षड्ज लावून दिला. टाळ्या तिला पडल्या. माई त्यानंतर चारचौघांत कधी गायल्या नाहीत.

"तुमचा सूर अडकला असं वाटलं मला, माई." इथेही आपण खोटं बोलतोय, याची तिला लाज वाटते. "नाही. टाळ्या हव्या होत्या मला."

"ठाऊक आहे." माई मागे वळत नाहीत. "सूर नव्हता गं अडकला. श्वास घेत होते. अंग उतरलं की एक श्वास जास्त लागतो."

कुमुदला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तोच एक श्वास आता तिला रोज लागतो.

माई पुन्हा वर चढतात, थबकतात. त्यांच्या बरगड्या हळूहळू उचलल्या जातात. कुमुद ओठ घट्ट मिटून तंबोरा छेडत राहते. माणसं चुळबुळतात, उठून जातात. ती थांबते.

दारावरची घंटी वाजते. मृण्मयी तंबोरे न्यायला आली आहे. षड्ज ऐकायचा राहूनच गेला.

"पट्टी एका सुराने खाली घेऊ," कुमुद म्हणते. "आणि आज मागून गा. फक्त मी श्वास घेत असले तर थांब."

ते कसं ओळखायचं, असं मृण्मयी विचारते.

"ओळखता येतं. मी ओळखलं होतं, तरी थांबले नाही."

कुमुद तंबोऱ्याची गवसणी उचलायला जाते, तर बोट हुळहुळतं. दोन दिवस तंबोरे गवसणीत बांधलेले आहेत. तरी तिच्या मधल्या बोटावर तारेचा ताजा वळ आहे, तासभर छेडल्यावर पडतो तसा.