चाचांच्या कॅमेऱ्यावर मारलेला टॉर्च

भाव पाडण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी कौतुकाने सांगत फिरायचे. आता सांगत नाही.

भिवंडीत टेमघरला दर रविवारी मी मुलींना फोटोग्राफी शिकवते. मोबाईलवर या पोरी तासाला दोनशे फोटो काढतात आणि एकही धड बघत नाहीत. म्हणून म्हटलं, सुरुवात रोलच्या कॅमेऱ्यावर. छत्तीस फोटो, संपले की संपले. शिकाऊ हातात द्यायचा तर कॅमेरा दणकट हवा, बॅटरी मेली तरी चालणारा, आणि आपटला तरी जीव जाणार नाही इतका स्वस्त. असे पाच जमवले होते. सहावा चाचांकडे मिळाला.

चाचांचा बाजारात स्टुडिओ होता. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. भिवंडीतली आणि आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं त्यांनी याच कॅमेऱ्यावर काढली, आमची बुद्धविहारातली आणि त्यांचे निकाहसुद्धा. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॅमेरा मात्र मऊ कापडात जपून ठेवलेला. शटर चोख, लेन्सवर ओरखडा नाही. सांगितलेली किंमतही वाजवी होती, मी मुकाट्याने द्यायला हवी होती. पण जित्याची खोड!

पर्समधून टॉर्च काढून मी लेन्समधून आरपार मारला. टॉर्च मारला की चांगल्यातल्या चांगल्या लेन्समध्येही धूळ चमकते. फोटोत त्यातलं काही येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. चाचांना नीट दिसत असतं तर त्यांनी मला दारातूनच हाकललं असतं.

"चाचा, आत फंगस आहे," मी म्हटलं. "बुरशी धरलीय. फोटो धूसर येत असणार."

कधीपासूनची असेल, त्यांनी विचारलं. मी वर फोडणी घातली, "वीस वर्षांची तरी."

त्यांनी लेन्सवरून पुन्हा एकदा कापड फिरवलं. मग निम्म्याहून कमी किमतीत त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला. मुलींना शिकवायचंय ना, म्हणाले. घरी येऊन मी आईपुढे फुशारकी मारली.

दोन महिन्यांनी माझ्या वर्गातली दिघाशीची एक मुलगी हसत हसत सांगू लागली, की तिच्या घरी एक म्हातारे चाचा आले होते. तिच्या आईच्या लग्नाचा आल्बम मागितला, डोळ्यांशी धरून पाहिला, आणि फोटो धूसर आलेत, माझी चूक झाली, म्हणून हात जोडले. आई म्हणत राहिली, "न्हाय हो, चांगले हायत." चाचांना वाटलं, मन राखायला बोलतेय.

मला शरमेने मेल्यासारखं झालं. तरी मी लगेच गेले नाही. आज ताप, उद्या पाहुणे, असे चार रविवार मी घालवले. एवढी भित्री मी कधी नव्हते.

शेवटी गेले आणि सगळं कबूल केलं. लेन्स स्वच्छ होती, मी खोटं बोलले, पैशांसाठी बोलले. मूळ किमतीतले उरलेले पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अकरा घरं झाली, बेटा," ते म्हणाले. "त्यातली चार या महिन्यात. आता परत जाऊन काय सांगू, माझं काम चांगलं होतं म्हणून? आपल्याच तोंडाने?"

मी जाते, म्हटलं. त्यांच्या सुनेने घरांचे पत्ते लिहून दिले.

पहिलं घर कशेळीला. दार उघडणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं, अगदी माझ्या लबाडीसकट. त्यांनी आल्बम आणून मांडीवर उघडला. फोटो लख्ख होते, शालूच्या जरीची तार न् तार मोजता येत होती. मी बोट ठेवून ते दाखवलं.

बाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"तुम्ही म्हणता तसं असेलही," त्या म्हणाल्या. "पण चाचा सांगून गेल्यापासून मला ते पुसटच दिसतात."