पैलवानाच्या वाट्याचं दूध

मंडळातल्या मैत्रिणींनो, हा कागद वाचून पुढच्या घरी द्या. सकाळपासून मन जळतंय, खोटं कशाला लिहू?

आज हसीनाबींनी आमचा दुधाचा रतीब बंद केला. म्हणाल्या, "वहिनी, म्हस एकच हाय. पैलवानाच्या खुराकाचे पैसे सरकार आगाऊ देतंय. मी न्हाय कसं म्हणू?"

पैलवान म्हणजे शेजारच्या गोदाक्कांचा बापू. त्याची ऑलिंपिकसाठी तयारी चाललीय. इकडं आमची लेक सुमी नुकतीच तापातून उठलीय, डॉक्टरांनी तिला दूधच सांगितलंय.

गोदाक्का त्यांच्या दारातच उभ्या होत्या. "बापू जिंकला तर नाव सगळ्या गावाचं व्हईल की," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाव गावाचं, अन् दूध तेवढं तुमचं?"

"मग सुमीला धाडा आखाड्यात," म्हणून हसल्या.

संध्याकाळी येडाई देवीपुढं दिवा लावला, पण बापूसाठी चांगलं मागायला ओठ हलेनात. पलीकडून दूध तापल्याचा वास येत होता.

देशाला पदक मिळावं असं मलाही वाटतं. पण सरकारनं आधी एका पैलवानाला पोसावं, की गावातल्या आजारी लेकरांना? तुम्हाला काय वाटतं ते सांगा. गोदाक्कांनी सांगितलं तरी मी ऐकून घेईन.