पेडलचे दात

खोलीत पायाने चालवायचा एक सक्शन पंप आहे, दोन रबरी नळ्या, एक काचेची बाटली, एक दाबमापक, ब्लीचिंग पावडरची चार पोती आणि एक लोखंडी खुर्ची. खुर्चीत शलाका भोईटे बसली आहे. वीज गेली आहे, दुपार पत्र्यावर तापते आहे आणि तिची मान हळूहळू खाली येते आहे.

पंप नीट आहे. सकाळपासून तिने तो उलटासुलटा करून तपासला. नवजात बाळाच्या नाकातोंडातलं पाणी खेचून काढायला पाऱ्याचे शंभर मिलिमीटर एवढी ओढ लागते. तिने पेडल दाबलं की काटा एकशे दहावर जातो, दर वेळी. आणि तरी गेल्या आठवड्यात, तळोंडीच्या या ग्रामीण रुग्णालयात, हाच पंप चालू असताना एक बाळ गुदमरून गेलं.

पंप नीट असेल तर चूक सिस्टर पाडवींची. त्या निलंबित आहेत, पंपाला हात लावायची त्यांना मनाई आहे. तरी त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या आहेत. "मी दाबत होते हो मॅडम," सकाळी त्या म्हणाल्या होत्या. "जीव खाऊन दाबत होते. काटा चढेचना." संध्याकाळपर्यंत शलाकाने काय ते लिहून द्यायचं आहे.

डोळे मिटतात. पावडरचा वास नाकात राहतो, मग कधीतरी तो मशीनच्या तेलाचा होतो.

"झोपा काढायला पाठवलंय का तुला इथे?"

पोत्यांच्या जागी लेथ आहे आणि लेथपाशी दाभाडे सर उभे आहेत. हा पंप त्यांचा. पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये दोघांनी मिळून तो बनवला. चित्रं त्यांची, भोकं पाडायचं काम तिचं. सर गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. हे तिला माहीत आहे, पण आत्ता त्याचा विषय काढणं बरं दिसणार नाही असं तिला वाटतं.

"झोपले नाही सर. विचार करतेय."

"विचार करताना घोरतेस मग."

ते हसतात. ती खाली बघते आणि दचकते. सरांच्या पायात काही नाही. वर्कशॉपमध्ये सेफ्टी बूट नसलेल्या माणसाला दारातूनच हाकलणारे सर. एकदा खुद्द संचालकांना त्यांनी सँडलवरून परत पाठवलं होतं.

"सर, तुमचे बूट?"

"बाहेर काढून आलो. सिस्टर ओरडतात."

म्हणजे हे वर्कशॉप नव्हे. भिंतीला हिरवा ऑइलपेंट आहे, फरशी ओली आहे, कुठेतरी नळ ठिबकतो आहे. लेथ मात्र तिथेच आहे. त्याच्यावर, जिथे लोखंडाची कांब बसवायची तिथे, टॉवेलात गुंडाळलेलं बाळ आहे. ते रडत नाही. रंग जांभळा आहे.

"बघत काय राहिलीस? काटा वाच," सर म्हणतात आणि पेडल दाबायला लागतात. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी त्यांचा पाय अर्ध्यावरच थबकतो. ते पाय उचलून तळवा बघतात.

"हे दात कुणी बसवले पेडलला?"

"तुम्हीच, सर. आधी रबर होतं. ओलं झालं की बूट घसरायचा, म्हणून तुम्ही दातेरी पत्रा लावला."

"बूट," सर म्हणतात. नळ ठिबकत राहतो.

"तू दाब," शेवटी ते म्हणतात.

तिच्याही पायात आता काही नाही. पत्रा थंड आहे. पहिल्या दाबातच दात तळव्यात घुसतात आणि पाय आपोआप हलका होतो. ती ओठ चावून पुन्हा जोर लावते, पाय पुन्हा मागे येतो. काट्याकडे बघायचं तर दाबमापकावर आकडेच नाहीत, नुसती पांढरी तबकडी.

"जोरात!"

"टोचतंय, सर."

"टोचणारच. मरतंय ते तिकडे, जोरात!"

ती दाबते. नळीतून काही येत नाही. टॉवेल हलत नाही.

आता ते वर्कशॉपच्या जिन्यात बसले आहेत, शेजारी शेजारी. बाळ सरांच्या मांडीवर आहे. ते त्याच्या तोंडावर टॉवेलची कड ओढून घेतात.

"किती ठिकाणी दिलेत आपण हे पंप?"

"एकशे ऐंशी."

"परत मागवलेस तर त्या लोकांकडे काय उरेल?"

"काही नाही. नळी तोंडात धरून ओढतील, पूर्वीसारखी."

"मग लिही, पंप ठीक आहे म्हणून. त्यात खोटं काय? एकशे दहा दाखवतोच की तो."

"आणि पाडवी सिस्टर?"

सर पायरीवर पाय लांब करतात. त्यांचा तळवा तिला दिसतो. त्यातून रक्त येत नाही, नुसत्या खाचा पडल्या आहेत.

"पंपाच्या पाटीवर माझं नाव आहे, भोईटे," ते हळूच म्हणतात.

"माहितेय, सर."

"बरं झालं मेलो. आता मला कोण निलंबित करणार?" ते हसायला जातात, पण हसू येत नाही. बाळ तिच्या हातात देऊन ते जिना उतरू लागतात. टॉवेलात वजनच नाही.

ती जागी होते ती उजव्या पायाच्या कळेने. बूट पायातच आहेत, नाडी घट्ट, दुहेरी गाठीची. ती गाठ सोडते, बूट काढते, मोजा काढते. तळव्यावर आडवी, लाल, खोल खाचांची रांग उमटली आहे.

ती लंगडत दाराशी जाते.

"सिस्टर, आत या."

"मला मनाई आहे ना, मॅडम."

"हात लावायला आहे. बघायला नाही."

सिस्टर पाडवी उंबऱ्याशी येऊन थांबतात. शलाका विचारते, "बाळंतपणाच्या खोलीत तुम्ही पायात काय घालता?"

"पायात?" काय विचारताहेत या बाई, अशा नजरेने त्या बघतात. "काही नाही. चपला दाराबाहेर असतात. आत कोण नेतं चपला? जंतू जातील की."

शलाका दुसराही बूट काढते. दाबमापक सिस्टरांना दिसेल असा फिरवून ठेवते. पेडलवर उघडा पाय ठेवते आणि अंगात आहे नाही तेवढा जोर लावून दाबू लागते, दम लागेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

काटा बेचाळीस मिलिमीटरवर थांबतो.