नाव काढा

दुधाची पिशवी फोडण्याआधी मी तारीख बघतो आणि फोडल्यावर वास घेतो, कारण छापलेल्या तारखेवर माझा विश्वास नाही. बायको म्हणते, "तुला एखाद्या दिवशी आरशातल्या माणसाचाही संशय येईल." असो. प्रोग्रॅमरला हा स्वभाव ऑफिसात उपयोगी पडतो, घरात नाही.

मी राहतो डोंबिवलीत, ऑफिस घोडबंदर रोडला. माझी ताई कोपरीत राहते आणि ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये काउंटरवर बसते. तिच्याच ओळखीने त्या सेंटरचं काम आमच्या कंपनीला मिळालेलं. सवलतीच्या डायलिसिससाठी थांबलेल्या पेशंटांची यादी आमचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. एखाद्याला जागा नको झाली, की ताईने त्याचा टोकन नंबर टाकायचा आणि 'नाव काढा' हे बटण दाबायचं. मग खालचे सगळे एकेक जागा वर सरकायचे.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. "अरे, मी सातच दाबलेलं. देवाशपथ, सातच."

सात नंबरचे आजोबा तिच्याच बिल्डिंगमधले. त्यांची सोय मुलाकडे पुण्याला झाली होती, म्हणून त्यांचं नाव काढायचं होतं. ते यादीत जसंच्या तसं राहिलं आणि भलत्याच एका बाईचं उडालं. त्या बाईचा नवरा काउंटरवर येऊन ओरडला, "शेजाऱ्यांना ठेवता आणि आम्हाला हाकलता काय?" मग आणखी कुणीतरी सांगितलं, की आमचंही नाव मागे असंच गेलेलं. ट्रस्टींनी ताईला काउंटरवरून उठवून आतल्या खोलीत फायली लावायला बसवलं. ठेवायचं की नाही ते महिनाअखेर बघू, म्हणाले.

मला सगळ्या जगाचा संशय येतो. ताईचा आला नाही. पत्ते खेळताना ती स्वतःची पानं आपणहून दाखवून बसते. म्हणून मी उरलेल्या सगळ्यांवर संशय घेतला. एका ट्रस्टीच्या भाच्यावर, कारण तो फार गोड बोलतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारिणीवर, कारण तिचा कोड पहिल्याच झटक्यात चालला होता, आणि पहिल्या झटक्यात चालणारा कोड मला कधीच सरळ वाटत नाही. यादी सांभाळणारा आमचा जुना भाग जावा या भाषेत होता. काउंटरवरची बटणं या सहकारिणीने नव्याने पायथनमध्ये लिहिली होती. एका भाषेतला निरोप दुसरीत पोचवायला मध्ये एक तयार पूल बसवला होता. तिचा कोड मी ओळ न ओळ वाचला. चूक काही सापडेना, आणि त्यामुळे संशय वाढतच गेला.

शेवटी आमच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "काय रे, तुझ्या ताईने कंपनीचं चांगलंच नाव काढलं!"

सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण जागेवर येऊन बसलो तरी ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. ताईनेही नावच काढलं होतं. म्हणजे काढायला गेली होती. मॅनेजरच्या तोंडात तेच दोन शब्द वेगळे झाले. फोटो काढ, झोप काढ, कुणाची तरी खोड काढ. क्रियापद एकच, पण त्याच्या हातात काय देतो त्यावर ते काय करणार हे ठरतं.

मी जावाचा भाग उघडला. तिथे 'काढ' या एकाच नावाची दोन कामं होती. वस्तू दिली, तर ती वस्तू शोधून यादीतून काढायची. आकडा दिला, तर रांगेत त्या जागेवर जो कुणी असेल त्याला काढायचं. जावात लिहिणाऱ्याला स्पष्ट सांगता येतं, की बाबा, हा सात म्हणजे टोकन आहे, जागा नव्हे. पायथनमधून गेलेला सात नुसताच सात. पुलावरच्या दुभाष्याने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं, की आकडा आलाय, म्हणजे जागाच असणार. सात टोकनचे आजोबा केव्हाच वर सरकले होते, ते आपल्या जागी राहिले आणि रांगेत सात नंबरच्या जागेवर असलेली बाई गेली. आम्ही तपासणी करताना टोकन 'ए सात' असे टाकले होते. त्यात अक्षर असल्यामुळे ते दरवेळी बरोबर सुटले. सेंटरमध्ये मात्र टोकन साध्या आकड्यांचेच होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. भांडण ट्रस्टला पाठवायच्या पत्राच्या मजकुरावरून झालं. मॅनेजरला 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहायचं होतं.

"सर, नुसतं 'अडचण' लिहिलं तर ते म्हणणार, बहिणीने केलं आणि भावाने झाकलं," मी म्हणालो.

"तू फार संशय घेतोस रे."

"मी घेतोय तोवर ठीक आहे. ते घेतील त्याचं काय?"

बरीच हुज्जत घातल्यावर 'आमच्या सॉफ्टवेअरची चूक' असे शब्द गेले. त्या बाईला तिची जागा मिळाली, ताईला काउंटर मिळालं. मला अगदी हलकं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम सेंटरला गेलो. ताईने कॉम्प्युटरचा स्क्रीन लोकांच्या बाजूला फिरवून ठेवला होता, आणि ती स्वतः मान वाकडी करून त्यात बघत टाइप करत होती.

"ताई, हे काय? चूक आमची निघाली ना?"

"असू दे रे. त्यांना दिसलेलं बरं."

समोर एक बाई फाइल छातीशी धरून उभी होती. ताईने नंबर मोठ्याने वाचला, नाव मोठ्याने वाचलं, "बरोबर?" म्हणून विचारलं. बाईची नजर ताईच्या बोटावर होती. मला त्या बाईचा भयंकर राग आला. पण तिच्या जागी मी असतो, तर मीही असाच टक लावून बघत राहिलो असतो, आणि बोट दुसऱ्या कुणाच्या तरी ताईचं असतं.