वीरगळ कुणाचा?

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, त्याच वर्षी सासरे मला संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. तिथल्या अंगणात एक जुना वीरगळ उभा होता, घोड्यावरचा योद्धा कोरलेला. अण्णांनी त्याच्यापुढे फुलं ठेवली.

"हा आपला मूळपुरुष. याच्यामुळे आपलं घराणं इकडे आलं. नमस्कार कर."

मी वाकले.

तेवढ्यात एक कानडी आजी आपल्या सुनेला घेऊन आल्या. त्यांनी त्याच दगडाला कुंकू लावलं आणि सुनेलाही वाकायला लावलं. अण्णांनी त्यांना कानडीत काहीतरी विचारलं. पुढच्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला, 'नम्म', म्हणजे आमचा. दोघंही तोच म्हणत होते. शेजारच्या पाटीवर नुसतं 'अज्ञात योद्धा' लिहिलेलं. ती सून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

शेवटी आजींनी मलाही कुंकू लावलं आणि त्या गेल्या.

बसमध्ये मी विचारलं, "अण्णा, मग तो नक्की कुणाचा?"

"मला माझ्या वडिलांनी सांगितलं. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल की."

मी नमस्कार कुणाला केला, हे मला अजून उलगडलेलं नाही.